बसऱ्याचं पदक, लीड्सचा शिपाई आणि वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसेवा

आधी निकाल सांगते, मग गोष्ट. घरातलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलं असेल आणि त्याचं पुढे काय झालं हे घरात कुणालाच ठाऊक नसेल, तर कुणालाही एक पैसा देण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. तिथे मृतांचा शोध फुकट आहे. दोन्ही महायुद्धांतल्या सतरा लाख स्त्री-पुरुषांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि दीडशेहून जास्त देशांतली दफनभूमी नि स्मारकं ते सांभाळतात. पुण्यातली खडकीची युद्ध दफनभूमी तुम्ही बाहेरून पाहिली असेल. ती यांचीच.

मी ही सेवा दोन माणसांसाठी वापरली. एकाचं माझ्याशी काही नातं नाही. दुसरे माझे पणजोबा. दोघंही १९१६ साली, तीन महिन्यांच्या अंतराने गेले. एकच संकेतस्थळ, तीच शोधखिडकी, पण दोघांबद्दल हाती जे लागलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक का आहे हे समजल्याशिवाय या सेवेची किंमत कळत नाही आणि मर्यादाही कळत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची कराड तालुक्यातली. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नऊ वर्षं झाली, वीजपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर आहे. लीड्स विद्यापीठाच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांची नावं आहेत. एकदा ती वाचत असताना यॉर्कशायरच्या आडनावांच्या रांगेत एका नावाशी नजर थांबली. सेन. बंगाली माणूस इथे कसा? विचारपूस केल्यावर कळलं की जोगेंद्रनाथ सेन चंदननगरहून १९१० साली इथे शिकायला आला, १९१३ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि लीड्स महापालिकेच्या वीज केंद्रात सहायक इंजिनिअर म्हणून लागला. माझ्याच धंद्यातला माणूस, माझ्याच शहरात, माझ्याआधी शंभर वर्षं. मग मला राहवेना.

शोधखिडकीत आडनाव टाकलं तर सेन बरेच निघतात. मग गाळण्या लावायच्या: कुठलं महायुद्ध, कुठल्या देशाचं सैन्य, कुठली पलटण, कुठल्या देशात दफन. मी सहज ‘इंडियन आर्मी’ ही गाळणी लावली आणि माझा माणूस यादीतून नाहीसा झाला. बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की तो हिंदी सैन्यात नव्हताच. परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाला शोधताना ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. तो जन्माने कुठला होता ते बाजूला ठेवा, तो भरती कुठे झाला ते बघा. कॅनडात गेलेला पंजाबी कॅनडाच्या सैन्यात सापडेल, ऑस्ट्रेलियात गेलेला ऑस्ट्रेलियाच्या. ‘ब्रिटिश सैन्य’ ही गाळणी लावल्याबरोबर सेन समोर आला. प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई, वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, १५वी बटालियन, मृत्यू २२ मे १९१६, वय २८. दफन फ्रान्समध्ये, कोलँकां या गावाजवळच्या सुक्रेरी मिलिटरी सिमेटरीत. खाली थडग्याचा विभाग, ओळ आणि क्रमांक.

नोंदीच्या पानाच्या तळाशी मूळ कागदांची छायाचित्रं असतात, तिथपर्यंत पुष्कळ लोक जातच नाहीत. दफनाची नोंदणी करताना भरलेले टंकलिखित तक्ते, शिळेवर काय कोरायचं त्याची यादी. टंकलेखकाने खोडलेलं अक्षर, शाईने केलेली दुरुस्ती, सगळं दिसतं. त्या तक्त्यात सेनच्या वर-खाली कोण आहे ते वाचा. त्याच पलटणीची, त्याच आठवड्यातली माणसं. संगणकावरची स्वच्छ नोंद वाचून जे वाटत नाही ते या पिवळट कागदावरून वाटतं.

या नोंदीपुढचा माग मात्र कमिशन काढून देत नाही, तो आपणच काढायचा. १५वी बटालियन म्हणजे ‘लीड्स पाल्स’. सप्टेंबर १९१४ मध्ये शहरातल्या कारकून, शिक्षक, दुकानांतल्या नोकरदार मंडळींना ‘मित्रांबरोबर भरती व्हा, मित्रांबरोबर लढा’ असं सांगून उभी केलेली पलटण. सेन अगदी सुरुवातीलाच भरती झाला. तालीम झाली ती डोंगरात, कोल्स्टरडेलला. लीड्स महापालिका तिथे पाण्याचं धरण बांधत होती, त्या मजुरांच्या तळावर. मी तिथे जाऊन आले. आता एक स्मारकस्तंभ आहे, मेंढरं आहेत आणि वारा. बंगालातून आलेल्या माणसाने तिथला पहिला हिवाळा कसा काढला असेल या विचाराने माझं मन गलबललं, कारण माझा इथला पहिला हिवाळा मला आठवतो.

डिसेंबर १९१५ मध्ये पलटण इजिप्तला गेली, सुवेझ कालव्याच्या रक्षणासाठी. तिथून मार्च १९१६ मध्ये फ्रान्स. २२ मेच्या रात्री तोफांच्या माऱ्यात सेनच्या पायाला आणि मानेला गोळ्याचे तुकडे लागले आणि तो गेला. जवळपास सहा आठवड्यांनी, १ जुलैला, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच सकाळी सेर गावासमोर हीच पलटण पुढे सरकली आणि पाचशेहून जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. सेन वाचला असता तर त्या सकाळी त्याच ओळीत असता.

त्याच्याबरोबर एका झोपडीत राहिलेल्या सैनिकाची म्हातारपणीची मुलाखत उपलब्ध आहे. तो सांगतो की सेन बटालियनमधला सगळ्यांत शिकलेला माणूस होता, पुष्कळ भाषा बोलायचा, पण त्याला साधा लान्स कॉर्पोरलही केलं नाही, कारण गोऱ्या माणसावर काळा माणूस नेमायचा नाही अशी रीत होती. पदवीधर इंजिनिअर, शेवटपर्यंत प्रायव्हेट. कमिशनच्या नोंदीत ‘हुद्दा: प्रायव्हेट’ एवढाच शब्द आहे. त्या एका शब्दामागे काय होतं ते बाहेरून शोधूनच कळतं.

दुसरा धागा चंदननगरचा. हुगळीकाठचं हे गाव १९५० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं. म्हणजे फ्रेंच वसाहतीतला माणूस इंग्लंडमध्ये शिकला, इंग्रजांच्या पलटणीत शिरला आणि फ्रान्सच्या मातीत पुरला गेला. त्याच्या वस्तू घरी पाठवल्या गेल्या. २००५ साली शांतनु दास या इतिहास संशोधकांना चंदननगरच्या संग्रहालयातल्या काचपेटीत त्याचा चष्मा दिसला, रक्ताचे डाग असलेला. लीड्सचा सेन आणि चंदननगरचा चष्मा ही दोन टोकं पुढे कित्येक वर्षांनी जुळली. कुणी तरी तो चष्मा टाकून दिला नाही, आईने, भावाने, त्यांच्यानंतरच्या माणसांनी सांभाळला, म्हणून हे झालं. घरातल्या जुन्या वस्तू भंगारात देण्याआधी दहा वेळा बघा, एवढंच सांगते.

सैन्यातली त्याची कागदपत्रं? इथे बऱ्याच जणांची निराशा होते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनच्या एका गोदामात होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत ते गोदाम जळालं आणि निम्म्याहून जास्त कागद गेले. उरले त्यांना इथले लोक ‘जळके कागद’च म्हणतात. पदकांची कार्डं आणि पलटणींच्या युद्धडायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. डायरी जरूर वाचा, पण तुमच्या माणसाचं नाव मिळेल या आशेने वाचू नका. अधिकारी मेला तर नाव, शिपाई मेला तर आकडा, अशीच ती लिहिलेली असते. त्या दिवशी पाऊस होता का, पलटण कुठल्या खंदकात होती, मारा किती वाजता सुरू झाला, हे मात्र त्यातून कळतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं गाडीने कोलँकांला गेलो. सुक्रेरी म्हणजे साखर कारखाना, बीटाचा. दफनभूमीला जवळच्या कारखान्याचं नाव पडलं आहे. कराडकडच्या माणसाला कारखाना म्हटलं की ऊस, बैलगाड्यांची रांग, मळीचा वास आठवतो. इथे रस्त्याकडेला बीटाची कोवळी रोपं होती, ओळीत, हातभर अंतरावर. शेतातल्या वाटेने आत जायचं. भिंतीत एक छोटा कप्पा असतो, त्याला दार असतं, आत नावांची वही आणि भेट देणाऱ्यांसाठी दुसरी वही. संकेतस्थळावरून लिहून नेलेला क्रमांक हातात होता, त्यामुळे थडगं शोधायला पाच मिनिटं लागली नाहीत.

कमिशनच्या कामाची खरी पावती मी तिथे देईन. हजाराहून जास्त शिळा, एकसारख्या, पांढऱ्या, कमरेच्याही खाली उंचीच्या. सेनापती असो की शिपाई, शिळा एकाच मापाची, हा नियम १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासूनचा. गवत कापलेलं, प्रत्येक शिळेच्या पायाशी फुलझाडं, अक्षरं स्पष्ट. आडवाटेच्या त्या जागी, जिथे आम्ही असेपर्यंत दुसरं कुणीही आलं नाही, तिथे ही निगा आहे. मी शिळेला हात लावला. उन्हाने गरम झाली होती. वहीत मराठीत लिहिलं, ‘लीड्सहून आले, वीज खात्यातली’.

परत आल्यावर पणजोबांचं काम हाती घेतलं, आणि तिथे आधी फसले. ‘पूर्वजांचा लष्करी इतिहास शोधून देतो’ अशी जाहिरात करणारी एक मंडळी आहेत, नाव लिहीत नाही. ऐंशी पाउंड भरले, सहा आठवडे थांबले आणि आलं काय, तर हिंदी सैन्याबद्दल सगळीकडे सापडेल असा चार पानी मजकूर नि ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’. पणजोबांच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी एकाच पद्धतीने शोधलं होतं. त्या ऐंशी पाउंडांपेक्षा ते सहा आठवडे मला जास्त लागले, कारण तेवढ्यात गावाकडे आत्या आजारी पडली आणि तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

माग लागला तो आत्याकडूनच. आमच्या देव्हाऱ्यात एक चांदीचा टाक आहे असं मी लहानपणापासून ऐकत होते. घोड्यावर बसलेला पुरुष. आमचा खंडोबा पालीचा, घरापासून लांब नाही, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. रोज हळद, दसऱ्याला उटणं. यंदा फोनवर तो मला नीट दाखव म्हटलं, तर घोडेस्वाराच्या अंगावर कपडाच नाही आणि मागच्या बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं. ते ब्रिटिश वॉर मेडल निघालं, पहिल्या महायुद्धाचं.

“आगं, ह्यो खंडोबा न्हाय व्हय?” आत्याने विचारलं.

“नाही गं आत्या. तुझ्या आज्जाचं पदक आहे.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंजी इतकी वर्सं म्या आज्जालाच हळद वाहिली. बरं केलं म्हणायचं.”

ज्यांच्या घरी असं पदक असेल त्यांनी त्याची कड बघा. ब्रिटिशांनी या पदकांच्या कडेवर माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मधलं चित्र पूजेने झिजलं होतं, पण कड शाबूत होती. भाच्याने मोबाइलचा दिवा आडवा धरून फोटो काढला. क्रमांक, सिपॉय, नाव आणि ‘११७ मह्राट्टाज’. नावाचं स्पेलिंग असं की आमच्यापैकी कुणालाही सात जन्मात सुचलं नसतं.

शोधखिडकीत नाव टाकलंच नाही. क्रमांक आणि पलटण टाकली. एकच नोंद आली. मृत्यू फेब्रुवारी १९१६. वडिलांचं नाव. गावाचं नाव, चुकीचं, पण पुढे ‘कराड, सातारा’. स्मारक: बसरा मेमोरियल, इराक.

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य होतं, ‘बसऱ्याला गेला तो गेला’. आसपासच्या गावांतही असंच म्हणतात, मेसोपोटेमियात कुठेही मेला तरी बसराच. ११७वी मराठा पलटण पूना डिव्हिजनमध्ये होती. १०३वी आणि ११०वी मराठा पलटणही त्याच डिव्हिजनमध्ये. हे सैन्य तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादकडे निघालं, टेसिफोनला अडलं, मागे फिरलं आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडलं. १४७ दिवस. पीठ संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शस्त्रं ठेवली. पणजोबा त्याआधीच, वेढ्यातच गेले. गोळीने की तापाने, ते नोंदीत नाही. पण तारीख मिळाली. आमच्याकडे पितृपक्षात त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतात, कारण तिथी माहीत नव्हती. आत्याने पंचांगवाल्या गुरुजींकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली.

आता तो फरक. सेनची शिळा मी हाताने चाचपली. पणजोबांची शिळा नाही, आणि नुसती शिळा नाही असंही नाही. बसरा मेमोरियल ही १९२९ साली उभी केलेली लांबलचक भिंत आहे, ज्यांचं थडगं सापडलं नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी. तिच्यावर ब्रिटिश माणसांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि तिच्यातले किती गेले तो आकडा, एवढंच. नावं कागदी नोंदवहीत ठेवली. म्हणजे त्या भिंतीवर पणजोबा म्हणजे एका आकड्यातला एक. ही भिंतही मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दामच्या हुकमाने ती बंदराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात बत्तीसेक किलोमीटरवर नेली.

हे वाचून मला आमच्या चावडीतली संगमरवरी पाटी आठवली. पश्चिम महाराष्ट्रात अशा पाट्या किती तरी गावांत आहेत. या गावातून महायुद्धाला किती गेले आणि त्यांतले किती मेले, असे दोन आकडे. नावं तिथेही नाहीत. शाळेत जाता-येता आम्ही त्या पाटीखाली सावलीला बसायचो. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाचं नाव त्यांच्या सेहेचाळीस जवानांमुळे सगळ्यांना माहीत आहे, ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ते ओळखलं जातं. पण दोन-तीन माणसं गमावलेल्या शेकडो गावांत ती माणसं कोण हे आज कुणी सांगू शकत नाही.

सगळ्यांना समान वागणूक हे कमिशनचं तत्त्व होतं, मग असं का झालं? २०२१ साली कमिशननेच नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि त्यात हे स्पष्ट कबूल केलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार आशियाई आणि आफ्रिकी माणसांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही. शिवाय किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं स्मरण नावानिशी झालंच नाही किंवा अजिबात झालं नाही. यांत पूर्व आफ्रिकेतले हमाल फार मोठ्या संख्येने होते. कमिशनने माफी मागितली. संस्थेने स्वतःच्याच जुन्या वह्या उघडून ‘आम्ही चुकलो’ असं लिहिणं ही मला मोठी गोष्ट वाटते. पण माफीमुळे गेलेला कागद परत येत नाही, हेही तितकंच खरं. ज्यांचं नाव तेव्हा कुणी लिहूनच घेतलं नाही त्यांना ही शोधखिडकी आज कुठून आणणार?

म्हणून मी सेन आणि पणजोबा यांना शेजारी ठेवून बघते. सेनला पलटणीत बढती मिळाली नाही, पण तो ब्रिटिश रेजिमेंटमध्ये मेला म्हणून त्याला नावाची शिळा मिळाली, विद्यापीठाच्या स्मारकावर नाव मिळालं, सोबत्यांच्या आठवणीत जागा मिळाली. पणजोबा आपल्या माणसांत, मराठी बोलणाऱ्या पलटणीत मेले आणि आकड्यात गेले. दोघांपैकी कुणाला न्याय मिळाला असं मला म्हणवत नाही.

शोधणाऱ्यांसाठी काही गोष्टी, मला लागलेल्या ठेचांवरून. आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. पवार असाल तर पी नंतर ए टाकून बघा, मग ओ टाकून बघा. दोन वेगळ्या याद्या येतील. कदम, शिंदे, जाधव, यादव यांची तर इतकी रूपं आहेत की कागदावर लिहून एकेक खोडत जावं लागतं. पुष्कळ नोंदींत आडनाव नाहीच, नुसतं नाव आहे. तेव्हा ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात तालुका किंवा जिल्हा टाकून शोधा. मी सातारा आणि कराड टाकलं तर एकामागून एक पानं उलगडत गेली. गावांची नावं मुंबई इलाख्याच्या जुन्या नकाशातल्या इंग्रजीत, बापाचं नाव कानाने ऐकून लिहिलेलं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. ओळखीच्या गावांची नावं मोठ्याने वाचत बसले.

मराठा पलटण तेव्हा इंग्रजीत ‘मह्राट्टा’ अशी लिहीत, आरच्या आधी एच; पलटणीच्या रकान्यात तसंच टाकावं लागतं. आणि आजच्या नावांनी शोधू नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आजच्या बटालियनांचे क्रमांक १९२२ च्या फेररचनेनंतरचे आहेत, महायुद्धात त्याच पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा होत्या.

पंजाब्यांचं नशीब याबाबतीत बरं. पंजाब सरकारने महायुद्धानंतर गावोगावच्या भरतीच्या वह्या केल्या होत्या, त्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या. त्यांत तीन लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि २०२१ पासून त्या सगळ्यांना बघायला खुल्या होऊ लागल्या. गावाचं नाव टाकलं की तिथून गेलेले सगळे दिसतात, मेलेलेही आणि परत आलेलेही. आपल्याकडे असं काही असतं तर चावडीतल्या पाटीखाली नावं लिहिता आली असती. कमिशनच्या यादीत फक्त मेलेले आहेत. तुमचे पणजोबा जिवंत परत आले असतील तर इथे वेळ घालवू नका.

कोकणातल्या वाचकांनी मात्र एक वेगळी जागा बघावी. तुमच्याकडची माणसं पलटणीत होती तशी बोटींवरही होती. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कमिशनच्या शोधात ‘बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल’ असं निवडलं की ती सगळी नावं येतात. बोटीच्या नावानेही गाळता येतं. एका बोटीवर भंडारी, तांडेल, सारंग असे एकाच किनाऱ्यावरचे किती तरी जण सापडतात. मी शोधलं नाही, माझं तिथे कुणी नाही, पण रत्नागिरीच्या एका मैत्रिणीला सांगितलं आणि ती पहाटे दोनपर्यंत जागी होती.

आमच्या नोंदीतली गावाच्या नावाची चूक दुरुस्त करून घ्यायची आहे. १९२० च्या आसपास कुणा कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव तसंच पुढे आलं आहे. दुरुस्तीसाठी कमिशनकडे अर्ज करता येतो, पण पुरावा लागतो, आणि लागायलाच हवा. आता १९१६ सालचा पुरावा आणायचा कुठून? ग्रामपंचायतीत काही नव्हतं. शाळेचा दाखला नाही, पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी भाचा तहसील कचेरीत गेला आणि जुने फेरफार काढायला लावले. मोडीतला कागद, कुणाला वाचता येईना. कराडात मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी भिंगाखाली धरून वाचला. आमची जमीन पणजोबांच्या नावावरून पणजीच्या नावावर चढली तेव्हाची ती नोंद होती. गावाचं नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, पणजीचं नाव, जे आत्यालाही माहीत नव्हतं, आणि कारण म्हणून तीन शब्द: ‘पलटणीत मयत, बसरे’.

फेरफाराची नक्कल, गुरुजींनी केलेलं देवनागरी लिप्यंतर आणि त्याचं इंग्रजी भाषांतर असं सगळं जोडून मागच्या सोमवारी अर्ज पाठवला आहे. आत्याने पदक परत देव्हाऱ्यात ठेवलं. आता मात्र ते खंडोबाच्या शेजारी आहे, आणि भाच्याने पालीहून खंडोबाचा नवा टाक आणून दिला.